तपासलं आहे

हैदराबादेत, आमच्या अंबरपेठच्या बाजारात कैऱ्या फोडणारे परत येऊन बसले आहेत. जाड लाकडी ठोकळा, त्याच्या एका टोकाला खिळवलेली लांब कत्ती, शेजारी गोणपाटावर हिरव्यागार कैऱ्यांचा ढीग. गिऱ्हाईक किलो सांगतं, माणूस मान हलवतो आणि एका दणक्यात कैरी कोयीसकट दुभंगते. आवकायच्या, म्हणजे इथल्या तेलुगू पद्धतीच्या लोणच्याच्या, प्रत्येक फोडीला कोयीच्या कवचाचा तुकडा लागतो, नाहीतर ती तेलात मऊ पडते, वर्षभर टिकत नाही. म्हणून इथे कैरी चिरत नाहीत, फोडतात. तो आवाज सकाळी सातपासून आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो.

लहानपणी मला तो आवडायचा. शाळा संपलेली असायची, कूलरमध्ये नवीन वाळा घातलेला असायचा आणि दुपारी खोलीभर ओल्या गवताचा वास भरायचा. या वर्षी आवाज आला तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." आमच्या घरात हे उत्तर पुरतं.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी एका फाइलमध्ये दोन शब्द लिहिले होते. तेव्हापासून उन्हाळा माझ्यासाठी वेगळा झाला आहे.

आई दोन्ही घालते, आपलं मोहरी-मेथीचं लोणचंही आणि आवकायही. लग्न होऊन ती मराठवाड्यातून इथे आली तेव्हा शेजारणीने तिला आवकाय शिकवली, आणि आता ती त्याबाबत शेजारणीपेक्षा कडक आहे. मोहरीची पूड आणि तिखट बेगम बाजारातूनच आणायचं, तेही तिने बोट बुडवून, जिभेला लावून, नाक मुरडून पसंत केलेलं. तिच्यामागे पिशव्या धरून मी त्या गल्ल्यांतून चालते. मिरचीच्या पोत्यांमधून जाताना सगळा बाजार शिंकत असतो आणि दुकानदार हसत असतात. "बेटी को आदत नहीं है," असं दर वर्षी कुणीतरी म्हणतं. मला सवय आहे. मी फक्त उत्तर देत नाही.

घरी आल्यावर जुन्या सुती साडीवर फोडी पसरतात आणि एकेक फोड कोरड्या कापडाने पुसायची असते. एकसुद्धा ओली राहता कामा नये. मग मोठी बरणी, तिच्या तोंडाला बांधलेलं फडकं. त्या बरणीचे नियम आम्ही तिघांनी पाठ केले आहेत. हात कोरडा. चमचा कोरडा. आठवड्यापुरतं छोट्या बरणीत काढायचं, आणि एकदा छोट्या बरणीत आलेलं लोणचं मोठ्या बरणीत परत घालायचं नाही. अगदी दोन मिनिटांपूर्वी काढलेलं असलं तरी. एकदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जास्त काढलं म्हणून चमचाभर परत टाकायला हात पुढे केला, तर आई स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली, "अहो! बाहेर आलं सो आलं आता!"

माझं काम मी आईला या बरणीवरूनच समजावलं. त्याआधी तीन वर्षं मी फक्त "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगत होते.

प्रोग्रॅममधल्या प्रत्येक गोष्टीला टाइप असतो. हा आकडा, हे नाव, ही तारीख. भाषा वर्षानुवर्षं एवढंच विचारत आल्या, तू कोण? आम्ही आमच्या कंपनीच्या भाषेत दुसरा प्रश्न घालत होतो, तुला हाताळायचं कसं? तुला या खोलीबाहेर नेता येतं का? तू एकाच्या हातात आहेस की अनेकांच्या? तुला एकदाच वापरायचं की कितीदाही? दोघांनी एकाच वेळी धरलं तर चालेल? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला मोड म्हणतात. लोणचं तेच असतं, मोठ्या बरणीतलं आणि छोट्या बरणीतलं. टाइप एकच. बदललेला असतो त्याला हात लावण्याचा हक्क. आणि हा हक्क एकाच दिशेने सैल होतो. एकाच्या मालकीची वस्तू सगळ्यांत वाटता येते, पण सगळ्यांत वाटलेली वस्तू पुन्हा एकाची करता येत नाही.

आई फोडी पुसता पुसता ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही मशीनला ओला हात ओळखायला शिकवता."

इतक्या थोडक्यात मला कधीच सांगता आलं नव्हतं.

आमची टीम चार जणांची होती. प्रमुख निखिल, पुण्याहून आलेला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, बोलायला लागला की फळ्यावर जागा उरायची नाही. तो माझ्याशी मराठीत बोलायचा आणि माझ्या मराठीला हसायचा. "तुम्ही बोलले सो काम झालं," म्हणजे सांगितलेलं काम झालं, असं मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "अगं, हे मराठी आहे की बिर्याणी?" त्यात दुष्टपणा नव्हता. पण त्यानंतर मी त्याच्याशी जास्त करून ई-मेलवर बोलू लागले, इंग्रजीत. इंग्रजी मला शाळेने दिलेली, इस्त्री केलेली भाषा आहे. तीत माझी सुरकुती दिसत नाही.

कंपनी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. रक्त-लघवीच्या तपासण्या करणारी यंत्रं आकडे पाठवतात, आमचा प्रोग्रॅम त्यांचे रिपोर्ट छापतो. भाषा जुनी, तिच्यात लिहिलेलं सगळं जुनं, आणि त्यातलं निम्मं मूर्तीगारूंनी, म्हणजे मूर्तीसाहेबांनी, लिहिलेलं. ते निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुपारी साडेबाराला डबा उघडायचे. उन्हाळ्यात रोज दहीभात आणि त्यावर लाल भडक आवकायची एक फोड. माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचे. मला अम्मा म्हणायचे. इथे वडीलधारी माणसं लहान मुलीलाही अम्मा म्हणतात, त्यात विशेष काही नसतं, तरी मला ते बरं वाटायचं.

कागदावर मोड फार देखणे असतात. सिद्धता असते, आणि सिद्धतेच्या शेवटी एक छोटा काळा चौकोन असतो, जणू खोलीचं दार व्यवस्थित लागलं. पण कागदावरची भाषा रिकाम्या घरासारखी असते. आमची भाषा राहतं घर होती. माणसं जेवत-झोपत असताना त्या घराच्या भिंती बदलायच्या होत्या. निखिलचा पहिला नियम होता की कालचा प्रोग्रॅम आज एक अक्षरही न बदलता चालला पाहिजे. "नाहीतर आपलं ऐकणार कोण?" म्हणून ज्याने काही लिहिलं नाही त्याला सगळ्यात सैल मोड द्यायचा. दुसरी सोय म्हणजे एक चोरदार. जिथे कंपाइलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करणारा प्रोग्रॅम, अडतो आणि माणसाला खात्री आहे की काही बिघडणार नाही, तिथे माणसाने "ट्रस्ट" हा शब्द लिहायचा, त्याच्यापुढे अवतरणात कारण लिहायचं आणि पुढे जायचं. कंपाइलर कारण वाचत नाही. ते माणसांसाठी असतं.

कंपाइलर अडला की तो काय बोलेल, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. चुकांचे संदेश. जी मुलगी जेवणाच्या टेबलावर "मीठ दे" म्हणत नाही, तिने मशीनच्या तोंडी वाक्यं घालायची. मला ते काम मनापासून आवडायचं. प्रत्येक वाक्य मी वीस-वीस वेळा बदलायचे. दरडावणं नको, शहाणपणा नको, माणसाला लाज वाटता कामा नये. मूर्तीगारू एकदा माझ्या टेबलाशी थांबून तेलुगूत म्हणाले, "अम्मा, तुझा कंपाइलर किती गोड बोलतो! त्याला घरी ठेव आणि तू ऑफिसला येत जा, म्हणजे तुझा आवाज तरी ऐकू येईल." सगळे हसले. मीही हसले, खाली बघून.

एप्रिलमध्ये ठरलं की रिपोर्ट तयार करणारा भाग नव्या मोडखाली आणायचा, छपाईचा भाग नंतर. तो एका वेळी एकच रिपोर्ट करायचा. आता चार-चार एकत्र करायचे होते, म्हणून कोण कशाला कधी हात लावतो याची पहिल्यांदाच खरी तपासणी होणार होती. फाइल मूर्तीगारूंची होती. काम मला दिलं.

तपासणी चालू केली आणि पडद्यावर तक्रारींची रांग लागली. माझीच वाक्यं, पानंच्या पानं. त्या दोन आठवड्यांची मला अजून आठवण येते, आणि खरं सांगायचं तर आनंदाची आठवण येते. ऑफिसचं एसी इतकं थंड की खांद्यावर ओढणी गुंडाळून बसायचं, काचेबाहेर माधापूरचा रस्ता पांढरा पडलेला. मी एकेक तक्रार उलगडत होते. जवळजवळ प्रत्येक तक्रार खरी होती. जणू कुणी जुन्या घरातून कंदील घेऊन फिरत होतं आणि म्हणत होतं, ही पायरी सैल आहे, ही खिडकी लागत नाही. मोड खरोखर काम करत होते. असं फार वेळा होत नाही, की जे पुस्तकात वाचलं ते हाताखाली जिवंत होतं.

शेवटी एकच तक्रार उरली.

मूर्तीगारूंच्या प्रोग्रॅममध्ये एक पाटी होती. म्हणजे मेमरीतली थोडी जागा. रुग्णाचे आकडे पाटीवर लिहायचे, रिपोर्ट तयार करायचा, पाटी पुसायची, पुढच्या रुग्णाचे लिहायचे. कंपाइलर म्हणत होता, "ही वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणांहून हाताळली जाऊ शकते. खात्री नसेल तर ज्यांनी हे लिहिलं त्यांना विचारा."

ते दुसरं वाक्य मीच घातलं होतं, फेब्रुवारीत. निखिल म्हणाला होता, कंपाइलरने असे सल्ले देऊ नयेत. मी ई-मेलवर बरीच भांडून ते ठेवून घेतलं होतं.

मला वाटलं, प्रत्येक कामाला वेगळी पाटी मिळत असेल. तसं दिसत होतं. दर वेळी पाटी स्वच्छ पुसलेली असते, मग ती नवीनच असणार. ज्यांनी लिहिलं ते दोन टेबलं सोडून बसले होते. मी पाण्याची बाटली घेऊन उठले. ते फोनवर होते. मी बाटली भरून परत आले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. ते डबा उघडत होते, फोड बोटांनी मोडत होते, आणि मला वाटलं, जेवताना कशाला. परत आले. त्यांनी वर बघून विचारलं, "काय अम्मा, काही हवं का?" आणि मी म्हणाले, "काही नाही, सार."

दुसरीत असताना वर्गाबाहेर जायची परवानगी इंग्रजीत मागावी लागायची. वाक्य मला येत होतं. घरून घोकून यायचे. पण ते उभं राहून, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. मी ते मनात म्हणत बसून राहिले. पुढचं सांगत नाही. इतकंच, की विचारण्यापेक्षा सोसणं सोपं असतं हे मी तेव्हा शिकले, आणि सोसायला दुसरंच कुणी असू शकतं हे शिकायला मला आणखी अठरा वर्षं लागली.

मी "ट्रस्ट" लिहिलं. पुढे अवतरणात कारण लिहिलं: "तपासलं आहे." अर्थात इंग्रजीत. रांग संपली. पडदा स्वच्छ झाला. निखिलने केक मागवला.

पाटी एकच होती. मूर्तीगारूंनी ती लिहिली तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून यंत्र सुरू होताना एकदाच बनवायची आणि दिवसभर पुसून वापरायची. एका वेळी एक रिपोर्ट होता तोवर त्यात काहीच चूक नव्हती.

तीन आठवड्यांनी एका तालुक्याच्या गावातल्या लॅबमधून फोन आला. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची गर्दी, दोन नमुने एकाच क्षणी पूर्ण झाले, आणि सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या रिपोर्टवर दुसऱ्या कुणाचं हिमोग्लोबिन छापलं गेलं. फार कमी. तिला दवाखान्यात दाखल केलं, रक्त चढवायची तयारी झाली. लॅबच्या तंत्रज्ञाला, रियाज नावाच्या माणसाला, संशय आला. तो तिला सकाळीच भेटला होता, तिच्या डोळ्यांत आणि नखांत इतका फिकेपणा नव्हता. त्याने पुन्हा रक्त घेतलं. तिचा आकडा बरा होता. आणि ज्याचा तो कमी आकडा होता तो म्हातारा दोन दिवस निश्चिंत घरी बसून होता.

ऐकलं त्या क्षणी मला कळलं. ऑफिस रिकामं व्हायची मी वाट पाहिली नाही, सगळ्यांच्या देखत, संध्याकाळी पाच वाजता, ती फाइल उघडली. प्रत्येक कामाला वेगळी पाटी दिली. "ट्रस्ट" खोडलं. बदलाच्या नोंदीत लिहिलं, "साफसफाई." कुणी मागे वळून बघितलं नाही. मी काय करते ते कुणी कधीच बघत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. निखिल फळ्याशी उभा. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा विश्वास होता. "नव्या मोडखाली आलेल्या भागात हे होऊच शकत नाही. आपण सिद्ध केलंय. म्हणजे दोष छपाईच्या जुन्या भागात असणार, जो अजून बदललेला नाही." छपाईचा जुना भागही मूर्तीगारूंचा. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. मूर्तीगारूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. म्हणाले, "असेल. वीस वर्षांपूर्वीचं आहे. मला आता सगळं आठवत नाही."

माझ्याकडे वाक्य तयार होतं. तीन भाषांत तयार होतं. एसीचा घरघर आवाज येत होता, कुणीतरी पेनाचं टोपण उघडत-मिटत होतं. मीटिंग संपली.

छपाईचा भाग नव्याने लिहिला गेला. चूक पुन्हा आली नाही, अर्थातच. जूनमध्ये मूर्तीगारूंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. डोळे थकले, म्हणाले. आम्ही शाल दिली, फोटो काढला. त्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी.

नंतर मी स्वतःला बरंच समजावलं. बाई वाचली होती. म्हाताऱ्यालाही बोलावून औषध सुरू केलं होतं. मूर्तीगारू तसेही जाणार होते. मोडमुळे पुढे किती चुका टळतील! हे शेवटचं तर खरंही आहे, म्हणून जास्त धोक्याचं. मी वर्षभर तेच काम करत राहिले, आणखी चांगले संदेश लिहिले.

या एप्रिलमध्ये निखिलने एक लेख लिहिला. भाषा आता सगळ्यांसाठी खुली करायची, आणि तिच्यासोबत आमचा अनुभव छापायचा. मसुदा मला वाचायला पाठवला. पाचव्या पानावर एक वाक्य होतं: बदललेल्या भागात आजवर एकही अशी चूक आढळलेली नाही, आढळलेली एकमेव चूक न बदललेल्या जुन्या भागातली होती. खाली त्याने मराठीत लिहिलं होतं, "हा भाग परिषदेत तू सादर कर. काम तुझं आहे. बोलायला लागेल, पण जमेल तुला :)"

बाहेर कैऱ्या फुटत होत्या. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की त्यातले शब्द सुटे झाले. दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कुठल्या तरी लॅबमध्ये कुणीतरी ते वाचेल, आणि जिथे पडदा स्वच्छ आहे तिथे विचारायची गरज नाही असं समजेल.

रविवारी सकाळी मी नल्लकुंट्याला गेले. मूर्तीगारूंचं घर देवळामागच्या गल्लीत, दाराशी तुळस आणि दोन सायकली. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, जेवून जा म्हणाल्या, आत गेल्या. त्या आत मोहरी फेसत होत्या बहुतेक, नाकाला झिणझिण्या येत होत्या. मूर्तीगारू बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. "अम्मा! रस्ता चुकलीस?"

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. पाटी, ट्रस्ट, दोन शब्द, साफसफाई, मीटिंग. तेलुगूत सुरू केलं, मध्येच इंग्रजीत गेले, परत आले. सांगायला चार मिनिटं लागली असतील.

ते खुर्चीत बसले. मग विचारलं, "पाटी एकच आहे का, हे मला का नाही विचारलंत?"

तेलुगूत ते मला नेहमी 'तू' म्हणायचे. आता 'तुम्ही' म्हणत होते, परक्या बाईला म्हणतात तसं.

"विचारायला आले होते, सार. दोनदा."

"मला माहीत आहे. मी विचारलं होतं काय हवं म्हणून." त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरला. "मी वर्षभर ती छपाईची फाइल डोक्यात चालवतोय. झोपताना, आंघोळ करताना. कुठे चुकलो? सापडतच नव्हतं. मला वाटलं, माझी बुद्धीच गेली."

मी सॉरी म्हणाले. तो शब्द त्या खोलीत फार लहान वाटला.

"त्या बाईला मुलगी झाली," ते म्हणाले. "आता रांगते. तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

ते उठले, टेलिफोनच्या डायरीतून एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. लॅबचा नंबर, खाली रियाजचं नाव. "मी महिन्यातून एकदा करायचो," ते म्हणाले. "आता तुम्ही करा." मग आत आवाज देऊन बायकोला सांगितलं की पाहुणी जेवायला थांबणार नाही.

घरी येऊन मी निखिलला लिहिलं. पाचव्या पानावरचं वाक्य काढून तिथे काय घडलं ते घातलं, माझ्या नावासकट, आणि दोष मूर्तीगारूंच्या कोडमध्ये नव्हता हे सरळ शब्दांत. एका तासाने त्याचा फोन आला. "अगं, तुला कळतंय का, आपला सगळा दावाच जातो."

"मोडने सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. मी ऐकलं नाही."

"ट्रस्ट ठेवायला नको होता," तो म्हणाला. आणि लगेच, "पण तो नसता तर कुणी वापरलंच नसतं. जुनं कोड आणताच आलं नसतं." त्याचा आवाज पहिल्यांदाच फळ्याजवळचा वाटला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चोरदार नसलेलं घर बांधता येतं, पण त्यात राहायला कुणी येत नाही. आम्ही भाषेला सगळं विचारायला शिकवलं, हे कुणाचं, कुठवर न्यायचं, किती जणांच्या हातात. शेवटी एका जागी तिला माणसाच्या शब्दावर पुढे जावं लागतं, आणि त्या जागी मी बसले होते. लेखाचं काय करायचं ते निखिलने अजून सांगितलेलं नाही. "मूर्तीगारूंना मी फोन करू का?" असं मात्र त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

लॅबला मी सोमवारी दुपारी फोन केला. फोन करणं मला कधीच जमत नाही. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. मागे यंत्रांची पिपाणी वाजत होती, कुणीतरी नंबर पुकारत होतं. रियाजने उचलला.

मी कागदावरचं वाचलं. हैदराबादहून बोलते, तुमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतून, मागच्या वर्षीचा तो रिपोर्ट, तुम्ही पुन्हा तपासला म्हणून. "वो गलती मेरी थी, भाई. मूर्ती सार की नहीं थी."

पलीकडे तो कुणाला तरी "ठैरो अम्मा, एक मिनट" म्हणाला. मग माझ्याशी, खरोखर न कळल्यासारखा, "हौ? तो फिर मूर्ती सार सालभर कायकू माफी माँगते रहे?"

कागदावर यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.